अर्ध्या किमतीची काच

वॉशिंग मशीनचा पत्रा डाव्या बाजूला चेपून पोचा पडला होता, म्हणून बाथरूममधला नळ एका कोपऱ्यातून काढून दुसऱ्या कोपऱ्यात नेण्यात आला. आता मशीनची डावी बाजू भिंतीला लागून होती आणि पोचा कुणाला दिसत नव्हता. नळ हलवायला झालेला खर्च भाऊजी हिशेबात धरत नसत. मशीन किती स्वस्त पडलं ते सांगताना ते पोच्यापासून सुरुवात करत आणि नळाच्या अलीकडेच थांबत.

ताईचं नवं घर असं उभं राहिलं होतं. ओव्हन दुकानात नमुना म्हणून मांडलेला होता. आल्यागेल्यांनी फिरवून फिरवून त्याच्या बटणांवरचे आकडे पुसून टाकले होते, पण आत कधी काही शिजलं नव्हतं. स्वयंपाकघरातली कपाटंही नमुन्याचीच, त्यामुळे मधल्या कप्प्यात ताट उभं राहत नसे. बाथरूमच्या फरशा तीन ठिकाणच्या उरलेल्या मालातून आणलेल्या. तिन्ही पांढऱ्याच होत्या, पण भर दुपारी बघितलं तर तिघींचा पांढरेपणा एकमेकींना ओळख देत नसे, म्हणून खिडकीला दुधी काच बसवली होती. भाऊजींचं सूत्र साधं होतं: जे दिसत नाही तिथे वाचवायचं, आणि जे दिसतं तिथे घासाघीस करायची.

ताई म्हणायची, "या घरात माझ्याशिवाय पहिल्या प्रतीचा माल काहीच नाही." त्यावर भाऊजींचं उत्तर ठरलेलं होतं, की तीही शेवटचा नग म्हणूनच मिळाली.

हे सगळं हसत चाललं होतं, तरी त्यामागे एक गोष्ट होती आणि ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. भाऊजींनी पूर्वी नोकरी सोडून दिव्यांचं दुकान काढलं होतं. ते बुडालं. भांडवल त्यांच्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, होतं. आप्पांनी पैसे कधी मागितले नाहीत. त्यांनी फक्त मुलाला नावानं हाक मारणं सोडून दिलं आणि 'दुकानदार' म्हणायला लागले. "विचारा आमच्या दुकानदाराला," "दुकानदार उठले का?" जेवताना, पाहुण्यांसमोर, नातीसमोरसुद्धा. घराचं बांधकाम सुरू झाल्यापासून आप्पा एकदाही तिकडे फिरकले नव्हते. पूर्ण झालं की बघीन, असं म्हणाले होते, आणि 'पूर्ण झालं तर' असं म्हणाल्यासारखं ते ऐकू आलं होतं.

त्या रविवारी सकाळी ते पहिल्यांदा आले. मीही गेले होते. भाऊजींनीच मला बोलावलं होतं. चौथं माणूस असलं की आप्पा जरा सांभाळून बोलतात, असा त्यांचा अनुभव होता. ते मला 'शास्त्रज्ञबाई' म्हणायचे, कारण मी पदार्थविज्ञानात पदवी घेतली होती आणि घरातला बंद पडलेला मिक्सर मला दुरुस्त करता आला नव्हता.

आप्पांनी घर हातानं बघितलं. दारं ढकलून, फरशीवर बोटाची पेरं आपटून, नळाखाली तळवा धरून. चेहऱ्यावर काही नाही. भाऊजी त्यांच्यामागून अर्ध्या पावलावर, ताई स्वयंपाकघराच्या दारात, आणि त्यांची चार वर्षांची मुलगी चिमणी घरभर. बाथरूममध्ये आप्पांनी मशीन आणि भिंत यांच्या फटीत हात घातला, पोचा चाचपला, आणि हसले.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "बरं जमवलंस."

भाऊजींचे कान लाल झाले. आप्पांनी त्यांना एकेरीत, दुकानदार न म्हणता, काही म्हटल्याला किती काळ झाला होता कोण जाणे. ताईनं माझ्याकडे बघून डोळे मिटून उघडले. त्यानंतर भाऊजींचा आवाजच बदलला. ते पुढे झाले आणि म्हणाले, "आता वर चला आप्पा. खरी गंमत वर आहे."

खालचा हॉल दोन मजले उंच होता आणि वरच्या खोल्यांसमोरचा व्हरांडा एका बाजूनं त्या हॉलवर उघडा होता. नकाशात तिथे लोखंडी कठडा होता. त्याऐवजी आता काच होती: छातीपर्यंत उंच, बोटभर जाड, स्टीलच्या ठेंगण्या खांबांना चिमट्यांनी पकडलेली. वर दांडी नाही, मध्ये गज नाही. खिडकीतून आलेलं ऊन तिच्यातून सरळ हॉलच्या फरशीवर पडत होतं. खरंच सुंदर दिसत होतं. भाऊजींनी सांगितलं, की एका कपड्यांच्या शोरूमला टाळं लागलं तेव्हा तिथल्या मोठ्या पडद्यासारख्या काचा त्यांनी निम्म्या किमतीत उचलल्या. टफन काच, वरून हातोडा मारला तरी फुटत नाही.

आप्पांनी काचेवर पालथी मूठ मारली. घट्ट, बसका आवाज आला. मग ते दोन्ही कोपरं काचेच्या वरच्या कडेवर टेकवून खाली हॉलमध्ये बघत उभे राहिले, आपल्याच घराच्या सज्जात उभं राहिल्यासारखे. चिमणीनं शेजारी काचेला नाक लावलं आणि वाफ सोडून त्यात बोटानं रेघ ओढली.

उन्हातून आल्यामुळे माझा गॉगल डोक्यावर होता. फरशीवरची चमक डोळ्यांत जात होती म्हणून मी तो खाली ओढला. हा गॉगल चमक कापणारा, पोलराइज्ड जातीचा आहे, आणि तो घेतल्यापासून मला एक खोड लागली आहे: दिसेल त्या जाड काचेकडे त्यातून बघायचं. टफन काचेत अशा वेळी ठिपके किंवा ढगाळ पट्टे दिसतात, गाडीच्या मागच्या काचेवर दिसतात तसे. फार देखणे असतात. मी ते बघायलाच वाकले.

काचेत काही नव्हतं. मी मान तिरकी केली, दुसऱ्या बाजूला गेले. फरशीची चमक कमीजास्त झाली, पण काच कोरीच राहिली.

प्रकाश बरोबर नसेल असं वाटलं. समोरच्या खिडकीतून आवारात उभी असलेली भाऊजींची गाडी दिसत होती. तिच्या मागच्या काचेवर ठिपके स्पष्ट होते, ओळीनं. म्हणजे गॉगल ठीक होता.

एवढ्यानं काही सिद्ध होत नव्हतं. फरशीवरून येणारा प्रकाश आणि आकाशातून येणारा प्रकाश सारखा नसतो, कोनाचाही प्रश्न असतो. मी स्वतःला तेच सांगितलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की टफन काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असतो, तो कुठे आहे.

"होता की," भाऊजी म्हणाले. "वरच्या कोपऱ्यात होता, असं दुकानवाला म्हणाला. तो कापलेल्या भागात गेला."

"कापलेल्या?"

"अगं, काचा माणसापेक्षा उंच होत्या. काचवाल्याकडून कठड्याच्या मापाला कापून घेतल्या. नवीन करायला टाकल्या असत्या तर किती गेले असते!"

मी वळून बघितलं. आप्पांची कोपरं काचेवर होती.

टफन काच करताना काच भट्टीत तापवून तिच्यावर एकदम गार वारा मारतात. बाहेरचा पापुद्रा आधी थिजतो, आतलं मागाहून आकसतं आणि बाहेरच्याला कायमचं दाबून धरतं. ती दणकट असते ती त्या दाबामुळे, आणि त्याच दाबामुळे ती नंतर कापता येत नाही. कापायला घेतली की ओरखडा जरा खोल गेल्याबरोबर अख्खी काच खड्यांचा ढीग होऊन खाली बसते. ती कापली गेली आणि तरीही काचच राहिली, याचा अर्थ एकच होता. ही साधी काच होती. साधी काच माणसाचं वजन पेलते, पुष्कळदा पेलते, आणि मग एखाद्या दिवशी कडेवरच्या न दिसणाऱ्या चिरेपासून फुटते. तीही खड्यांत नाही, लांब पात्यांत. आणि खाली मजलाभर खोल फरशी.

गॉगल मी डोक्यावर सरकवला. ओरडायचं नव्हतं. ओरडलं तर माणसं दचकतात, आणि दचकलेलं माणूस जे जवळ असेल त्यालाच धरतं.

मी चिमणीला म्हटलं, की चल, आपण खाली ओव्हनची बटणं फिरवू. तिनं मान हलवली. तिला काचेवर घर काढायचं होतं. मी म्हटलं, मग इथल्या वरच्या बाथरूमच्या आरशावर काढू, तिथे मोठं येईल. हे तिला पटलं. मी तिचा हात घट्ट धरला. तिला आरशासमोर उभी करून मी भाऊजींना हाक मारली, की नळ गळतोय वाटतं, जरा बघता का. नळ गळण्याची त्यांना फार धास्ती होती. ते लगेच आले आणि नळ सोडून बघू लागले.

मी त्यांना तीन वाक्यांत सांगितलं. ते आधी हसले. शास्त्रज्ञबाईंनी सुट्टीच्या दिवशी तरी रजा घ्यावी, असं म्हणाले. विटांवर आडवी टाकून ते स्वतः त्या काचेवर उभे राहिले होते, दोन्ही पायांवर, काचवाल्यासमोर. मग मी कापण्याचं पुन्हा सांगितलं, सावकाश. ते वाहत्या नळाकडे बघत राहिले. त्यांना समजलं ते मला दिसलं, कारण त्यांनी नळ बंद केला आणि तो बंद झाल्यावरही फिरवत राहिले.

"नक्की?"

"कापली असेल तर नक्की."

"कापली ती माझ्यासमोरच," ते म्हणाले. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "आज नको. आप्पा दुपारी जातील. मग मी सगळं काढतो. उद्याच काढतो. पण आज नको."

"ते टेकून उभे आहेत, भाऊजी."

"मी त्यांना खाली नेतो. तू फक्त गप्प राहा. इतकी वर्षं ऐकतोय मी. एक दिवस दे."

मी होकार दिला नाही. नकारही दिला नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून मला तो देता आला नाही, आणि तेवढा वेळ आप्पा काचेला रेलून उभे होते.

आम्ही बाहेर आलो तर ताईही वर आली होती. आप्पा खुशीत होते. अशी काच तर त्यांनी फक्त बँकेत पाहिली होती, असं ते सांगत होते, आणि तीही खालच्या मजल्यावर. भाऊजी म्हणाले, चला, खाली चहा घेऊ. आप्पा म्हणाले, चहा पळून जात नाही, आधी फोटो काढा. सगळे इथे काचेला लागून उभे राहू आणि एक जण खालून काढेल, म्हणजे काचही येईल आणि माणसंही. त्यांना तो फोटो त्यांच्या भावाला पाठवायचा होता. मुलाचं दुकान बुडालं हे त्या भावाला त्यांनीच सांगितलं होतं. आता हेही त्यांनाच सांगायचं होतं.

"पोरी, तू जा खाली," ते मला म्हणाले. "तुझा हात स्थिर असेल."

मी भाऊजींकडे बघितलं. ते म्हणाले, की उजेड मागून येतोय, फोटो काळा येईल. आप्पा म्हणाले, येऊ दे काळा. भाऊजी म्हणाले, बाहेर अंगणात चांगला येईल. आप्पांनी त्यांच्याकडे जरा रोखून बघितलं आणि त्यांचा जुना आवाज परत आला.

"का रे, दुकानदार? फोटोला पैसे पडतात का?"

मी जिना उतरले. प्रत्येक पायरीला वाटत होतं की वरून कुणीतरी काही बोलेल. हॉलच्या मधोमध जाऊन मी वर बघितलं. आप्पा मध्ये, काचेला पोट लावून. ताई एका बाजूला. भाऊजी दुसऱ्या बाजूला, काचेपासून हातभर मागे. आणि चिमणी आरसा सोडून धावत आली आणि मधे घुसून दोन्ही तळहात काचेला लावून उभी राहिली. खालून तिचे तळवे चपटे, पांढरे दिसत होते.

मी फोन वर धरला आणि म्हटलं, सगळे जरा मागे सरका, पाय कापले जातायत. आप्पा म्हणाले, मागे सरकलो तर दिसणार कसे. ते आणखी पुढे झाले आणि चिमणीला उचलून घ्यायला वाकले, म्हणजे ती काचेच्या वर दिसावी.

मी फोन खाली केला. "मी काढणार नाही," म्हटलं.

माझा आवाज त्या उंच हॉलमध्ये वाटला त्यापेक्षा मोठा झाला. आप्पा वाकलेलेच थांबले. ताईनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी खोटं बोलत असले की ती असंच बघायची. मग तिनं मान वळवली आणि नवऱ्याकडे बघितलं.

"काय झालंय?" तिनं त्यांना विचारलं.

मला सांगता आलं असतं. जीभ उचललीसुद्धा होती. पण ती त्यांना विचारत होती, आणि ते काचेकडे नाही, चिमणीच्या तळहातांकडे बघत होते.

"आप्पा," भाऊजी म्हणाले, "मागे या. ही काच साधी आहे. मला फसवलं. म्हणजे मी फसलो. तिला सोडा आधी, मागे या."

ताईनं चिमणीला काखेत धरून मागे ओढलं, इतक्या पटकन की ती रडायचंही विसरली. आप्पा हलले नाहीत. त्यांनी मुलाकडे बघितलं, काचेकडे बघितलं, आणि काय त्यांच्या मनात आलं कोण जाणे, म्हणाले, "काही होत नाही रे. चांगली आहे." आणि ते दाखवायला त्यांनी पाठ काचेला टेकवली, पूर्ण, टाचा पुढे घेऊन.

खालून मला त्यांच्या सदऱ्याचा चपटा झालेला भाग दिसत होता आणि काचेच्या वरच्या कडेचा हिरवा पट्टा. पट्टा सरळ नव्हता. मधोमध किंचित बाहेर आला होता.

भाऊजी पुढे झाले. मला वाटलं ते विनवणी करतील. त्यांनी वडिलांचा दंड धरला, दोन्ही हातांनी, आणि त्यांना ओढून घेतलं. आप्पा धडपडले, मुलाच्या छातीवर आले, तिथून सावरले. बापाला असं धरायची त्या घरात पद्धत नव्हती.

"मी चांगलं म्हणत होतो तुला," आप्पा शेवटी म्हणाले. आवाज रागाचा होता की कसला, ते मला खालून कळलं नाही.

"माहीत आहे," भाऊजी म्हणाले.

त्यानंतर त्यांनी पाना आणला. उद्या काचवाला येऊन काढेल असं ताई म्हणत होती. पण खालच्या हॉलमधून दिवसभर माणसं ये-जा करणार होती आणि आप्पा टेकले होते ती मधली काच आता भाऊजींना एक तासही तिथे नको होती. ताई चिमणीला घेऊन अंगणात गेली. मी वर गेले, भाऊजींनी चिमटे सोडायचे आणि मी काच आमच्या बाजूला तोलून धरायची असं ठरलं. आप्पा बाजूला उभे होते. मग न विचारताच पुढे आले, मला कोपरानं सरकवलं आणि स्वतः धरली.

"हातमोजे घाला," मी म्हटलं. त्यांनी घातले.

खालचा चिमटा सुटला. वरच्याला भाऊजींनी पाना लावून अर्धा वळसा दिला आणि टक् असा आवाज झाला, कुणी बाजूच्या खोलीत पेन्सिल मोडल्यासारखा. कापलेल्या कडेपासून एक रेघ निघाली, काचेतून तिरकी खाली गेली आणि थांबली नाही. ती तळाला पोचेपर्यंत आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो. काच जागेवरच होती. फक्त तिचे दोन तुकडे झाले होते आणि एक आप्पांच्या हातात होता.

"सोडू नका, आप्पा."

"नाही सोडत."

मी उरलेला तुकडा भिंतीकडून पकडला. भाऊजींनी पाना खाली ठेवला, वाकून वडिलांच्या हातातल्या तुकड्याचं खालचं टोक धरलं, आणि मग हळूहळू दोघांनी तो आडवा केला. त्याचं टोक पात्यासारखं लांब होतं. माझा तुकडा पलीकडच्या खोलीत पोत्यांवर ठेवून मी परत आले, तोवर ते जिन्यापाशी पोचले होते. जिन्याला अजून कठडा बसायचा होता. मी पुढे होऊन टेकू देऊ का विचारलं, तर आप्पांनी मान हलवली. तिथे तिसऱ्या माणसाला जागा नव्हती.

भाऊजी खाली होते, पाठमोरे उतरत होते, आणि त्यांना मागचं काही दिसत नव्हतं. काच त्यांच्या छातीसमोर होती. त्यांचा पाय मागे जाऊन हवेत घुटमळला.

"पायरी," आप्पा म्हणाले.

पाय खाली टेकला.

"पायरी," आप्पा पुन्हा म्हणाले. "हळू. भिंतीकडे राहा. पायरी."